एका गुंठ्याखाली दहा टन

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शहरात एवढ्या जागेत एक बऱ्यापैकी फ्लॅट बसतो आणि गावाकडे एवढ्यावरून सख्खे भाऊ वीस-वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात. हा गुंठा आपण समुद्रकाठच्या खाऱ्या दलदलीत धरू. भरतीला जिथे पाणी चढतं आणि ओहोटीला उतरतं, अशी चिखलाची सपाट जागा. कोकणातल्या खाड्यांमध्ये ही जागा खारफुटीच्या झाडांनी घेतलेली आहे. थंड मुलखात खारफुटीला हिवाळा सोसत नाही. तिथे त्याच जागी गुडघ्यापासून कंबरेपर्यंत वाढणारं खारं गवत असतं. अमेरिकेचा पूर्व किनारा, मेक्सिकोचं आखात, इंग्लंड, हॉलंड, जर्मनी, चीन, सगळीकडे. अशा एका गुंठ्याखाली, फक्त मीटरभर खोलीपर्यंत, सरासरी पावणेतीन टन कार्बन गाडलेला असतो. तो सगळा जळून किंवा कुजून हवेत गेला, तर त्याचा दहा टन कार्बन डायऑक्साइड होतो. एका भारतीयाच्या वाट्याला वर्षाला दोन टनांच्या आसपास येतो. म्हणजे एका माणसाची पाच वर्षं एका गुंठ्यात.

हा हिशेब २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांवरून निघतो. एकात उपग्रहांच्या चित्रांवरून जगभरच्या खाऱ्या दलदलींचा दहा मीटरच्या बारकाईने नकाशा केला. क्षेत्रफळ भरलं ५२,८८० चौरस किलोमीटर. दुसऱ्यात ठिकठिकाणच्या मातीच्या नमुन्यांवरून मीटरभर खोलीपर्यंतच्या कार्बनची बेरीज केली. ती आली १४४ कोटी टन. भागाकार आपला आपण करायचा. ५२,८८० चौरस किलोमीटर म्हणजे किती, तर मराठवाड्यापेक्षा लहान. जगातल्या दर दहा हजार एकर जमिनीमागे फक्त साडेतीन एकर.

एवढ्याशा जागेत एवढा साठा होण्याचं कारण चिखलात आहे. गवत वाढतं, मुळं सोडतं, मरतं. भरतीचं पाणी गवताच्या काड्यांत शिरलं की मंदावतं आणि सोबत आणलेला गाळ टाकून जातं. मेलेली मुळं त्या गाळाखाली दबतात. पाण्याने गच्च भरलेल्या चिखलात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपलीकडे पोचत नाही, त्यामुळे कुजण्याचं काम रखडतं. आता, प्राणवायूविना कुजणं म्हटलं की मिथेन आलाच, असं कोणीही म्हणेल. गोड्या पाण्याच्या दलदलीत तो खरोखर येतो. समुद्राच्या पाण्यात मात्र सल्फेट भरपूर असतं आणि ते वापरणारे जिवाणू मिथेनवाल्या सूक्ष्मजीवांच्या तोंडचा घास पळवतात. म्हणून खाऱ्या चिखलातून सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण मिथेन फारसा येत नाही. बांध घालून भरती अडवली आणि आत पावसाचं पाणी साचू दिलं, की हा पहारा उठतो आणि त्याच चिखलातून मिथेन सुटायला लागतो.

दरवर्षी किती कार्बन गाडला जातो? नेहमी दिला जाणारा सरासरी आकडा चौरस मीटरमागे २१८ ग्रॅमचा आहे, म्हणजे गुंठ्याला वर्षाला २२ किलो. समशीतोष्ण जंगलाच्या मातीत याच हिशेबाने चौरस मीटरमागे पाच ग्रॅम मुरतात. यावरून ‘दलदल जंगलाच्या चाळीसपट कार्बन शोषते’ असं वाक्य तयार झालं आणि ते सगळीकडे फिरतं. ते धड खरं नाही. तुलना मातीची मातीशी आहे. जंगल आपला बराच कार्बन खोडांत आणि फांद्यांत साठवतं, तो या हिशेबात धरलेलाच नाही. आणखी एक गोम आहे. पावणेतीन टनांना २२ किलोंनी भागलं तर सव्वाशे वर्षं येतात आणि वाटतं, मीटरभर थर शतकभरात तयार होत असेल. तसंही नाही. हा दर बहुतेक वरच्या, अलीकडच्या थरांवरून काढलेला असतो. खाली दबता दबता त्यातलाही काही भाग कुजून जातो. मीटरभर चिखल साचायला कुठे तीन-चारशे वर्षं लागतात, कुठे हजार.

या विषयावर लिहिणारे सहसा इथेच थांबतात आणि दलदलींना पृथ्वीच्या तारणहार ठरवून मोकळे होतात. हिशेब पुढे नेला तर चित्र वेगळं दिसतं. जगातल्या सगळ्या खाऱ्या दलदलींनी मिळून, २१८ ग्रॅमचा उदार दर धरला तरी, वर्षभरात सव्वाचार कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड गाडला. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणसं वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन हवेत सोडतात. दलदलींची वर्षभराची मेहनत आपण दहा तासांत उडवतो. रात्री झोपून सकाळी उठेपर्यंत हिशेब संपला. दलदलींत आजवर साठलेला, मीटरभर खोलीपर्यंतचा सगळा कार्बन एकदम बाहेर आला, तरी तो आपल्या ५२ दिवसांच्या उत्सर्जनाइतका भरतो. आणि दलदली नष्ट झाल्यामुळे जे उत्सर्जन होतं ते? उपग्रहांनी टिपलेल्या २००० ते २०१९ या काळातल्या बदलांवरून २०२२ मध्ये एक अंदाज निघाला: वर्षाला १ कोटी ६३ लाख टन. जगाच्या चार तासांच्या उत्सर्जनाएवढा. शास्त्रज्ञांनी त्यासोबत अनिश्चिततेची कक्षाही दिली आहे, ४ लाख टनांपासून ३ कोटी ३२ लाख टनांपर्यंत. दोन टोकांत ऐंशीपटीहून जास्त फरक. चिखलातून निघालेला कार्बन हवेत किती गेला, समुद्रात किती वाहिला आणि पुन्हा कुठे गाळाखाली किती गाडला गेला, हे कळणं अवघड आहे. त्यामुळे एवढी मोठी कक्षा लपवून न ठेवल्याबद्दल मला त्या अभ्यासाविषयी आदरच वाटतो.

तेव्हा ज्यांना दलदली वाचवून हवामान सुधारेल असं वाटतं, त्यांच्या हाती निराशा येईल. पण हे सगळं गणित क्षेत्रफळ आणि टनांचं आहे. खाऱ्या दलदलीची खरी अवाढव्यता तिथे नाहीच, ती काळात आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर बार्नस्टेबल नावाची एक खाडी आहे. आल्फ्रेड रेडफील्ड या समुद्रशास्त्रज्ञाने तिथल्या दलदलीत खोलवर नमुने काढून तिचा इतिहास उलगडला आणि १९७२ मध्ये तो प्रसिद्ध केला. समुद्रातल्या जीवांमधल्या कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या प्रमाणाला ज्याचं नाव आहे, तोच हा रेडफील्ड. ती दलदल सुमारे चार हजार वर्षांची निघाली. म्हणजे इकडे प्रवरेकाठी दायमाबादची वस्ती नांदत होती तेव्हा तिकडे पहिलं गवत रुजलं. तेव्हापासून समुद्र वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर चढत राहिला आणि दलदलही गाळ आणि मुळं रचत त्याच्या बरोबरीने चढत राहिली.

हे लक्षात ठेवून नाशाचा वेग पाहू. २००० ते २०१९ या काळात जगातल्या खाऱ्या दलदलींची निव्वळ घट १,४५३ चौरस किलोमीटर, वर्षाला ०.२८ टक्के. बँकेने बचत खात्यावर एवढं व्याज दिलं तर आपण खातं बंद करू. पण मिनिटाला भागलं तर दर मिनिटाला साधारण दीड गुंठा येतो. यात ‘निव्वळ’ हा शब्द फसवा आहे. एकीकडे जुनी दलदल वाहून जाते, दुसरीकडे नव्या गाळावर नवं गवत उगवतं, आणि कागदावर वजाबाकी होते. नवं गवत क्षेत्रफळ भरून काढतं; त्याखालचा कार्बन शून्यापासून सुरू होतो. जुन्या गुंठ्यातले दहा टन त्याच्या खात्यात जमा होत नाहीत.

नुकसानीचा मोठा वाटा अमेरिका आणि रशियाकडे जातो. अमेरिकेतलं एकच राज्य घेऊ, कारण तिथले आकडे डोकं चक्रावून टाकतात. लुइझियाना हे मिसिसिपी नदीच्या मुखावरचं राज्य आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या मोजणीनुसार १९३२ ते २०१६ या काळात तिथल्या किनाऱ्याची ४,८३३ चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. मुलुंड-दहिसरपासून कुलाब्यापर्यंतची अख्खी मुंबई घेतली तर अशा दहा-अकरा मुंबया. १९३२ साली जेवढी जमीन होती तिचा चौथा हिस्सा. यात खारी, निमखारी आणि गोड्या पाण्याची, सगळ्या प्रकारची दलदल आली. सत्तरच्या दशकात वेग कळसाला पोचला तेव्हा वर्षाला साडेत्र्याऐंशी चौरस किलोमीटर जात होते. हाही दर मिनिटाला दीड गुंठ्याहून किंचित जास्त होतो. आज सगळ्या जगातल्या खाऱ्या दलदली मिळून ज्या वेगाने घटतात, त्याहून जास्त वेगाने तेव्हा ते एक राज्य समुद्रात जात होतं.

कोणी एकाने हे केलं असं म्हणता येत नाही. १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि नदीला दोन्ही बाजूंनी भक्कम बांधांत कोंडलं. माणसांची घरं वाचली. पण दरवर्षी पुराबरोबर दलदलीवर पसरणारा गाळ आता थेट खोल समुद्रात जाऊ लागला. नंतर वरच्या अंगाला, मिसूरी नदीवर, मोठमोठी धरणं झाली आणि गाळच अडला. एके काळी मिसिसिपी वर्षाला ४० कोटी टन गाळ आणायची. विसावं शतक संपताना ते प्रमाण साडेचौदा कोटींच्या आसपास आलं होतं. मुखाकडची जमीन आपल्या वजनाने खचतच असते. गाळाचा रोजचा हप्ता थांबला की तेवढंच खचणं उरतं.

त्यात तेल सापडलं. दलदलीत विहिरीचं यंत्र न्यायचं तर चर खणावा लागतो आणि पाइपलाइन टाकायची तर आणखी एक. असे सुमारे १० हजार मैल, म्हणजे १६ हजार किलोमीटर चर खणले गेले. मुंबईहून न्यूयॉर्कला उडत गेलात तरी साडेबारा हजार किलोमीटर भरतात. चरांतून खारं पाणी आतल्या निमखाऱ्या भागात शिरलं. खणलेली माती काठाने रचून ठेवली तिचे बांध झाले आणि भरतीचं पाणी आत अडकून गवताची मुळं सडली. शेवटी कॉयपू. हा दक्षिण अमेरिकेतला मांजराहून मोठा, घुशीच्या जातकुळीतला प्राणी. कातड्यासाठी १९३०च्या दशकात आणला, सुटला, वाढला आणि गवत मुळासकट खायला लागला. २००२ पासून राज्य सरकार कॉयपूच्या शेपटीमागे बक्षीस देतं. आधी ४ डॉलर होतं, आता ६ आहे. शेपटी सात इंचांहून लांब हवी. वर्षाला चार लाख शेपट्यांपर्यंत पोचायचं लक्ष्य आहे. एका खंडाएवढ्या नदीचा गाळ अडवायचा आणि मग शेपट्या मोजत बसायचं, हा सरकारी कारभार आपल्याला काही परका वाटू नये.

याच किनाऱ्यावर आयल द जाँ शार्ल नावाचं बेट आहे. चॉक्टॉ या मूळनिवासी जमातीचे लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करून राहत होते. १९५५ साली बेट २२ हजार एकरांचं होतं. उरलं ३२० एकर. ९८ टक्के जमीन एका माणसाच्या आयुष्यात गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने लोकांना हलवण्यासाठी ४ कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले आणि २०२२ मध्ये पहिली कुटुंबं आतल्या बाजूच्या नव्या घरांत राहायला गेली.

दलदल मरते कशी, हे जवळून पाहायचं तर पुन्हा मॅसॅच्युसेट्सला जावं लागेल. प्लम आयलंडच्या खाडीत संशोधकांनी नऊ वर्षं भरतीच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट मिसळलं, शेतांतून आणि गटारांतून वाहून येतं साधारण तसं. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. गवत छान वाढलं, उंच झालं. पण खत आयतं मिळाल्यावर मुळं कशाला खोल जातील? जमिनीखालची मुळं कमी झाली, चिखलातलं कुजणं वाढलं, ओढ्यांच्या काठांना तडे गेले आणि गवतासकट ढेकळंच्या ढेकळं पाण्यात कोसळली. वरून पाहणाऱ्याला पहिली काही वर्षं दलदल पूर्वीपेक्षा निरोगी दिसली असती.

याच गवताची जात चीनने १९७९ मध्ये अमेरिकेहून मुद्दाम आणून किनारे सावरायला लावली. तिथे ते इतकं माजलं की २०२२ मध्ये सरकारने ते उपटून काढायची देशव्यापी मोहीम उघडली. एकाच गवतासाठी एका किनाऱ्यावर अब्जावधी डॉलरच्या योजना आखल्या जातात आणि दुसऱ्या किनाऱ्यावर त्याच्यावर यंत्रं फिरतात.

आता समुद्राकडे वळू. दलदल समुद्राबरोबर चढते हे खरं, पण तिच्या दमालाही मर्यादा आहे. जगभरच्या दलदलींच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये निघालेला निष्कर्ष असा: पाणी वर्षाला ४ मिलिमीटरने चढू लागलं की दलदल मागे पडण्याची शक्यता बळावते आणि ७ मिलिमीटरला ती जवळजवळ पक्की होते. १९९३ ते २००२ या दशकात जगाचा सरासरी समुद्र वर्षाला २.१३ मिलिमीटरने चढत होता. २०१४ ते २०२३ मध्ये ४.७७ मिलिमीटरने. लुइझियानात जमीनच खचत असल्याने ग्रँड आयल बंदराच्या भरतीमापकावर हाच आकडा ९ मिलिमीटरच्या आसपास दिसतो. मागे सरकायला जागा असेल तर दलदल जमिनीकडे सरकते. अमेरिकेत चेसापीकच्या खाडीत गेल्या दीड शतकात सुमारे ४०० चौरस किलोमीटर रान आणि शेतजमीन अशीच दलदल झाली. पण मागे सिमेंटची भिंत, रस्ता किंवा इमारत असेल तर ती सरकणार कुठे?

ती गेल्यावर लाटा थेट भिंतीवर येतात. जर्मनीत हॅनोव्हरला ३०० मीटर लांबीचा लाटांचा हौद आहे. संशोधकांनी त्यात खऱ्या दलदलीचे चौकोन कापून आणून चाळीस मीटरचा पट्टा लावला आणि वादळी लाटा सोडल्या. एवढ्याशा पट्ट्यानेही लाटांची उंची पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत उतरली आणि त्यात ६० टक्क्यांपर्यंतचा वाटा नुसत्या गवताचा होता. २०१२ च्या सँडी वादळात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या दलदलींनी साडेबासष्ट कोटी डॉलरचं पुराचं नुकसान टाळलं, असा एक अंदाज आहे. दहा तासांच्या कार्बनपेक्षा हा हिशेब मला जास्त पटतो, कारण याची पावती त्याच गावात, त्याच वर्षी मिळते.

गेलेली दलदल परत आणता येते का? काही ठिकाणी येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सोन्याच्या शोधात माणसं लोटण्यापूर्वी १ लाख ९० हजार एकर दलदल होती. विसावं शतक संपताना ४० हजार उरली. बाकीची भराव घालून, शेती करून आणि मिठागरं बांधून संपवली. २००३ मध्ये सरकारने मिठागरं विकत घेतली आणि दक्षिण टोकाच्या १५,१०० एकरांत बांध फोडून भरती परत आणायचं काम सुरू केलं. २०१६ मध्ये उपसागराभोवतीच्या नऊ काउंट्यांतल्या लोकांनी यासाठी मालमत्तेमागे वर्षाला १२ डॉलरचा कर वीस वर्षांसाठी मतदानाने स्वतःवर लादून घेतला. मुंबईत भांडुप, कांजूर, मुलुंडची मिठागरंही खाडीचीच जमीन आहे, आणि २०२४ मध्ये तिथल्या सुमारे २५६ एकरांवर घरं बांधायला मंजुरी मिळाली. घरं हवीत, याबद्दल वाद नाही. पण भरतीच्या पातळीवरची जमीन नुसती दिसायला रिकामी असते, आणि तिचा हिशेब दोन्ही शहरांनी वेगवेगळा मांडला आहे.

लुइझियानाने सर्वांत मोठा डाव नदीवरच लावला होता. मिसिसिपीचा बांध एका जागी उघडायचा, दारं बसवायची आणि गाळाचं पाणी बाराटारिया खोऱ्यात पुन्हा पसरू द्यायचं. खर्च सुमारे ३ अब्ज डॉलर, आपले २५ हजार कोटी रुपये. पैसा मुख्यत्वे २०१० मधल्या मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीच्या भरपाईतला. त्यातून ५० वर्षांत किमान २० चौरस मैल, म्हणजे पन्नासेक चौरस किलोमीटर जमीन तयार होईल असा अंदाज होता. सत्तरच्या दशकात एवढी जमीन सात-आठ महिन्यांत जात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये कामाचं भूमिपूजन झालं. कालवं आणि कोळंबी धरणाऱ्यांनी तक्रार केली की गोड्या पाण्याने आमचा धंदा बुडेल. ती तक्रार काही खोटी नव्हती. खर्च वाढत गेला, राज्यात सरकार बदललं, आणि जुलै २०२५ मध्ये योजना रद्द झाली.